धूर, धुकं आणि ओलं लाकूड



तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसानं ‘ऑरगॅनिक सर्च ट्रॅफिक’वर बोलायचं म्हणजे काय, असं संयोजकांपैकी एकानं हसत हसत विचारलंच. प्रश्न रास्त आहे. पण आम्ही आयुष्यभर वर्गात जे शिकवलं, म्हणजे ज्ञान कशाला म्हणायचं, पुरावा कशाला म्हणायचा, अनुमान कुठे चुकतं, त्याची गरज आम्हाला निवृत्तीनंतर सगळ्यात जास्त कुठे पडली असेल, तर ती या आकड्यांच्या तक्त्यासमोर बसल्यावर पडली. म्हणून हा विषय घेतला.

आधी शब्द समजून घेऊ. कोणीतरी गूगलमध्ये काही शोधतो. यादीत आपलं पान दिसतं. तो त्यावर बोट ठेवतो आणि आत येतो. यात आपण जाहिरातीला पैसे दिलेले नसतात. अशा येण्याला ऑरगॅनिक ट्रॅफिक म्हणतात. शब्दकोशात ऑरगॅनिकला ‘सेंद्रिय’ असा प्रतिशब्द आहे. मुलुंडच्या बाजारात सेंद्रिय भाजी मिळते, तशी ही सेंद्रिय रहदारी! तुम्ही हसलात, ठीक आहे. या शब्दाकडे आपण शेवटी परत येऊ.

आता या रहदारीचं एक शास्त्र झालं आहे. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत, घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत शनिवार-रविवारी त्याच्या कार्यशाळा चालतात. स्वयंपाकाचे व्हिडिओ करणाऱ्या गृहिणी, गडकिल्ल्यांवर लिहिणारी मुलं, शेअर बाजार समजावून सांगणारे तरुण, सगळे येतात. आम्हीही एका कार्यशाळेला बसलो. कोणाची होती ते सांगत नाही, त्याची गरजही नाही, कारण सगळीकडे साधारण तेच शिकवतात. त्याचं सार तीन वाक्यांत येतं. लोक काय शोधतात ते आधी पाहा. लोक शोधतात तेवढ्यावरच लिहा. आणि आकडा वाढला की समजा, तुमचं बरोबर चाललं आहे. आमचं आजचं म्हणणं असं, की यातलं पहिलं वाक्य खरं आहे, आणि आम्हा मराठी लिहिणाऱ्यांनी ते फार उशिरा ऐकलं. दुसरं वाक्य घातक आहे. तिसरं वाक्य म्हणजे चुकीचं अनुमान आहे.

एक उदाहरण घेऊन चालू. आम्ही चार निवृत्त मंडळी उपनगरांतल्या जुन्या जागांवर मराठीत लिहितो. अंधेरी पूर्वेचा महाकाली केव्हज रोड तुम्हाला ठाऊक आहे. रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. त्या रस्त्यानं वर गेलं की एकोणीस बौद्ध लेणी आहेत. अभ्यासक त्यांना कोंडिविटे लेणी म्हणतात, कारण जवळचं जुनं गाव कोंडिविटे. महाकाली हे नाव जवळच्या देवीच्या देवळावरून पडलं. नवव्या क्रमांकाचं लेणं चैत्यगृह आहे आणि त्यात एक विलक्षण गोष्ट आहे. आत स्तूप आहे, पण तो उघडा नाही. त्याच्याभोवती दगडातच गोल झोपडीसारखी खोली कोरली आहे आणि तिच्या भिंतीला जाळीच्या खिडक्या आहेत. या रचनेचं नातं अभ्यासक थेट बिहारमधल्या बराबरच्या टेकडीवरच्या, मौर्यकाळातल्या लेण्यांशी जोडतात. म्हणजे बांधकामाची एक फार जुनी रीत सीप्झच्या शेजारी येऊन उभी आहे, आणि आपण रोज तिच्या बाजूनं बसमधून जातो.

आम्ही यावर मन लावून लिहिलं. मथळा दिला, ‘कोंडिविटे येथील वर्तुळाकार स्तूपगृह’. कोणी आलं नाही. अक्षरशः कोणी नाही. आमच्यातल्या एकाची नात असल्या कामात तरबेज. तिनं पाहिलं आणि म्हणाली, “आजोबा, लेख छान आहे हो, पण कोंडिविटे हा शब्द कोणी टाइपच करत नाही. लोक महाकाली केव्हज शोधतात. आणि स्तूपगृह नाही शोधत, तिकीट किती आणि कसं जायचं ते शोधतात.”

आम्हाला राग आला. खोटं कशाला बोला? लेण्याला त्याच्या नावानं हाक मारली तर आम्ही चुकलो, आणि तिकिटाचा भाव सांगितला तर बरोबर? पण घरी येऊन विचार केला तेव्हा तर्कसंग्रहाचं पान डोळ्यासमोर आलं.

अन्नंभट्टांचा तर्कसंग्रह तुमच्यापैकी काहींनी कॉलेजात वाचला असेल. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे प्रसिद्ध अनुमान. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की आहे. पण उलटं करून पाहा : डोंगरावर अग्नी आहे, म्हणून धूर असणारच. हे चालत नाही. लोहाराचा तापून लाल झालेला लोखंडी गोळा घ्या, अग्नी आहे पण धूर नाही. मग अग्नीतून धूर केव्हा निघतो? इंधन ओलं असेल तेव्हा. या ओल्या लाकडाला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात, म्हणजे मधली अट, जी आपण गृहीत धरलेली असते पण बोललेली नसते.

आमची चूक नेमकी हीच होती. लेख चांगला आहे, म्हणून वाचक येणारच, असं आम्ही धरून चाललो होतो. अग्नी आहे, म्हणून धूर असणारच. मधली अट आम्ही विसरलो. वाचकाच्या तोंडात जो शब्द आहे तो पानावर असायला हवा. पान यंत्राला वाचता यायला हवं. मथळा वाचून आत काय आहे ते कळायला हवं. हे ओलं लाकूड आहे. त्यानं अग्नी कमी होत नाही, फक्त लांबून दिसू लागतो. म्हणून कार्यशाळेतलं पहिलं वाक्य आम्ही मान्य केलं. मथळा बदलला : ‘महाकाली लेणी, म्हणजेच कोंडिविटे : कसं जायचं आणि काय पाहायचं’. पहिल्या दोन ओळींत रस्ता सांगितला, मग नावाची गोष्ट, मग नववं लेणं. एकही खरा शब्द काढावा लागला नाही. लोक येऊ लागले.

मराठीच्या बाबतीत हे ओलं लाकूड किती दिवस नव्हतं, ते जरा पाहा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, तीत देवनागरी होती. तरी पुढची कितीतरी वर्षं आपण मराठी मजकूर खासगी फॉन्टांमध्ये टाइप करत राहिलो. त्यात आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत, वर फक्त मराठी आकाराचा मुखवटा. माणसाला ‘ज्ञानेश्वर’ दिसायचं, पण यंत्राला निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसायची. असा मजकूर शोधात सापडणं शक्यच नव्हतं. त्या काळात संगणकावर चढलेलं कितीतरी चांगलं मराठी लेखन आजही असंच पडून आहे. ते आहे, पण नाही.

युनिकोड आल्यावरही घोटाळे संपले नाहीत. सह्याद्रीतल्या ‘दऱ्या’ घ्या. त्यातला ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो : एक ‘ऱ’ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरा साध्या ‘र’ला न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखे, पण आत संकेत वेगळे. ‘ॲप’मधला ॲ तीन प्रकारे लिहिला जातो : अ वर चंद्र चढवून, ए वर चंद्र चढवून, किंवा ॲ हे अखंड अक्षर वापरून, ज्याला युनिकोडात २००८ साली जागा मिळाली. त्यात आपलं शुद्धलेखन. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२चे, आणखी चार १९७२चे. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नाहीं’, ‘करणें’ असे अनुस्वार. नव्या लेखनानं शोधणाऱ्याला जुनं पुस्तक सापडेलच असं नाही. आणि लांब कशाला जाता? आपल्या बोरिवलीचंच बघा. कुठे ‘बोरिवली’ छापतात, कुठे ‘बोरीवली’. काही फरक यंत्र समजून घेतं, काही घेत नाही. शिवाय पुष्कळ लोक मराठी प्रश्न रोमन लिपीत टाइप करतात, आणि आता कितीतरी जण टाइपच करत नाहीत, फोनशी बोलतात.

हे लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या वाक्याचा निकाल इथेच लागतो.

‘लोक शोधतात तेवढ्यावरच लिहा.’ हे ठरवायला कार्यशाळेत एक साधन दाखवतात. शब्द टाका, महिन्यात किती जण तो शोधतात ते येतं. आम्ही ‘कोंडिविटे’ टाकलं. उत्तर शून्य. शिकवणारा म्हणाला, “सर, व्हॉल्यूमच नाही. विषय सोडा.”

आता शून्य म्हणजे काय? आमच्याकडे अभावाची फार बारीक चर्चा झाली आहे. मीमांसकांनी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानलं : टेबलावर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही. पण त्यांनी एक अट घातली. घडा असता तर तो दिसला असता, अशी परिस्थिती हवी. खोलीत उजेड हवा, डोळे उघडे हवेत. याला म्हणतात योग्य अनुपलब्धी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मराठी शब्दासमोरचं शून्य हे बहुतेक वेळा अंधाऱ्या खोलीतलं शून्य असतं. ही साधनं मुळात जाहिरातदारांसाठी आहेत, आणि थोड्यांनी केलेला शोध त्यांच्या चाळणीतून खाली पडतो. समजा एखाद्या साधनाची चाळणी दहाची आहे. एक शब्द पाच तऱ्हांनी लिहिला जातो आणि प्रत्येक तऱ्हेनं आठ जण शोधतात. म्हणजे चाळीस माणसं विचारत आहेत, आणि साधन पाचही ठिकाणी शून्य दाखवतं. इंग्रजी शब्दाला हा धोका कमी, कारण त्याची एकच वर्तनी आणि शोधणारे कोट्यवधी. मराठीला तो पदोपदी आहे.

आणि समजा खरोखरच कोणी विचारत नाही. तरी ‘म्हणून लिहू नका’ हे कुठून आलं? माणूस ठाऊक नसलेल्या गोष्टीचं नाव कसं शोधेल? नवव्या लेण्यात दगडाची झोपडी आहे हे ज्याला माहीतच नाही, तो तिच्याबद्दल काय टाइप करणार? मागणी पाहून लिहायचं ठरवलं तर जे आधीच माहीत आहे त्याचीच पुन्हा पुन्हा उजळणी होईल. गावदेवीच्या टेकडीचं ‘गिल्बर्ट हिल’ झालं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा तो बेसॉल्टचा उभा खांब इंग्रजी नावानंच शोधला जातो, त्याच नावानं त्याच्यावर लिहिलं जातं, आणि तसं लिहिलं जातं म्हणून पुढचा माणूस पुन्हा तेच शोधतो. शोधाचा आकडा लोकांची भाषा नुसती नोंदवत नाही, घडवतोही. कोंडिविटे हे नाव कोणी पुसत नाही. आपणच ते लिहायचं सोडतो, कारण साधन शून्य म्हणालं.

आता तिसरं वाक्य, म्हणजे आकडा वाढला की बरोबर चाललंय. इथे अनुमानाची दिशा बदलते. धूर दिसतो, म्हणून अग्नी आहे. ही दिशा योग्य आहे खरी. पण जे दिसतंय ते धूरच आहे ना? पहाटे डोंगरावर धुकंही असतं. धुक्याला धूर समजून केलेलं अनुमान सुरुवातीलाच फसतं, असं नैयायिक सांगतात. म्हणून आम्ही गूगलचा सर्च कन्सोल नावाचा अहवाल एखाद्या ग्रंथासारखा, ओळ न ओळ वाचायचं ठरवलं. त्यात मुख्य आकडे चार : पान किती वेळा यादीत दाखवलं गेलं ते इम्प्रेशन, किती वेळा उघडलं ते क्लिक, या दोहोंचं प्रमाण, आणि यादीतला सरासरी क्रमांक.

इम्प्रेशन म्हणजे कोणी पाहिलं असा अर्थ नाही. निकालाच्या पानावर तुमची ओळ होती, एवढाच अर्थ. माणसानं खाली सरकवून तिच्यापर्यंत नजर नेली नसली तरी ती मोजली जाते. हे झालं धुकं.

सरासरी क्रमांक तर आणखी फसवा. फळ्यावर गणित मांडू. समजा गेल्या महिन्यात तुमचं पान दहा वेळा दिसलं, दरवेळी दुसऱ्या क्रमांकावर, आणि तीन जण आत आले. क्लिकचं प्रमाण तीस टक्के. या महिन्यात ते दहा तसेच, तीन जण तसेच आले. शिवाय गूगलनं तुमचं पान आणखी नव्वद नव्या प्रश्नांसाठी बेचाळिसाव्या क्रमांकावर दाखवलं, आणि त्यातून एक जण आला. आता अहवाल काय म्हणेल? सरासरी क्रमांक दोनवरून अडतीसवर घसरला. प्रमाण तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांवर आलं. तुम्ही हादरून मथळा बदलाल, मजकूर बदलाल. प्रत्यक्षात काय बिघडलं? काहीच नाही. जुना वाचक जागेवर आहे आणि एक नवा वाचक मिळाला. सरासरीनं दोन वेगळ्या गोष्टींची भेळ केली, एवढंच.

टक्क्यांचंही तसंच. चारचे सहा झाले तर पन्नास टक्के वाढ! मराठीत लिहिणाऱ्या बहुतेकांचे आकडे लहान असतात, आणि लहान आकड्याची टक्केवारी म्हणजे एका घरातले पाहुणे मोजून शहराची लोकसंख्या सांगणं.

एक गोष्ट खास आपल्या पंचांगाची. मोदकांच्या कृती लिहिणारी एक बाई आम्हाला म्हणाली, “सर, यंदा सप्टेंबरमध्ये माझं ट्रॅफिक गेल्या वर्षीच्या निम्म्यावर आलं, काय चुकलं असेल?” हे २०२५ सालचं. आम्ही विचारलं, गणपती कधी होते? गणेश चतुर्थी २०२३ साली १९ सप्टेंबरला होती, २०२४ साली ७ सप्टेंबरला, २०२५ साली २७ ऑगस्टला. लोक उकडीचे मोदक चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात शोधतात. तो आठवडा ऑगस्टात सरकला. तिचं काहीच चुकलं नव्हतं, तिचा वाचक तिथीनं येतो आणि अहवाल तारखेनं मोजतो. सर्च कन्सोल सोळा महिन्यांची माहिती ठेवतो, म्हणून तुलना करता येते. पण आपल्याकडे ती चतुर्थीची चतुर्थीशी, दिवाळीची दिवाळीशी करावी. दहावीच्या निकालावर लिहिणाऱ्यानं निकालाच्या दिवसाची निकालाच्या दिवसाशी करावी.

आणि एक दरवाजा बंदच आहे, तो माहीत असावा. पूर्वी कोण कुठला शब्द शोधून आला, ते लिहिणाऱ्याला थेट कळत असे. ऑक्टोबर २०११पासून गूगलनं ते झाकायला सुरुवात केली. आज सर्च कन्सोलमध्ये प्रश्नांची यादी मिळते, पण फार थोड्यांनी विचारलेले प्रश्न खासगीपणासाठी गाळलेले असतात. दोन-तीन महिन्यांत काही डझनांहून अधिक लोकांनी जो प्रश्न विचारला नाही, तो यादीत येत नाही, म्हणून यादीची बेरीज आणि वरची एकूण जुळत नाही. कारण योग्य आहे, आमची तक्रार नाही. पण परिणाम पाहा : ज्या भाषेत प्रत्येक प्रश्न विरळ, तिथे गाळलेला भागच मोठा असण्याचा संभव. आपला वाचक आपल्याला सगळ्यात कमी दिसतो.

मोजमाप फसवं आहे एवढंच असतं तर सावध राहून भागलं असतं. पण मोजमापाला ध्येय केलं की ते माणसालाही बदलतं. १९७५ साली चार्ल्स गुडहार्ट या अर्थशास्त्रज्ञानं चलनधोरणाच्या संदर्भात हे दाखवलं : एखादं माप नियंत्रणासाठी वापरायला लागलात की त्या मापाचा भरवसा ढासळतो. आम्हाला त्यासाठी इंग्लंडला जायला नको. आमच्या निवृत्तीच्या सुमारास, २०१०च्या यूजीसी नियमावलीत, प्राध्यापकांसाठी एपीआय नावाची गुणपद्धत आली. शोधनिबंधाला इतके गुण, परिषदेला इतके. हेतू संशोधन वाढावं हा. वाढलं काय? नियतकालिकं. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. निबंधांची संख्या फुगली आणि निबंध वाचणारा माणूस नाहीसा झाला. आम्ही ते डोळ्यांनी पाहिलं, आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी कोणी त्याविरुद्ध फार आरडाओरडा केला नाही.

मराठी कॉन्टेंटमध्ये आज तेच चाललं आहे. चार ओळींत मावणारं उत्तर चौदा परिच्छेदांत ताणायचं. मथळ्यात प्रश्न, पहिल्या परिच्छेदात तोच प्रश्न, आणि उत्तर सर्वांत शेवटी. एकाच पुरणपोळीवर नावं बदलून सहा पानं. आकडा वाढतो. वाचक चिडून परत जातो, पण क्लिक मोजला गेलेला असतो.

गूगललाही हे कळतं, हे मान्य केलं पाहिजे. १९९८ साली ब्रिन आणि पेज या दोन विद्यार्थ्यांनी निबंध लिहिला तेव्हा त्यांची कल्पना अभ्यासकांच्या संदर्भांवरूनच सुचलेली होती : ज्या पानाकडे इतर महत्त्वाची पानं बोट दाखवतात ते महत्त्वाचं. त्याच निबंधात त्यांनी इशाराही दिला होता, की जाहिरातींवर चालणारं शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकेल. पुढे काय झालं ते आपल्यासमोर आहे. तरी २०११ साली पोकळ पानं मागे ढकलणारा बदल झाला, ऑगस्ट २०२२मध्ये ‘माणसांसाठी लिहिलेलं’ पुढे आणण्याचा प्रयत्न झाला. निकालांचा दर्जा तपासणाऱ्यांसाठी गूगलची एक मार्गदर्शिका आहे. तिच्यात तज्ज्ञता, अधिकार आणि विश्वास यांच्या जोडीला डिसेंबर २०२२मध्ये ‘अनुभव’ हा निकष घातला गेला. वाचून आम्हाला गंमत वाटली. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण केव्हा? बोलणारा आप्त असेल तेव्हा. आप्त कोण? ज्यानं वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. वात्स्यायनानं दीड हजार वर्षांपूर्वी मांडलेलं लक्षण. पण त्यातला दुसरा भाग, जशी जाणली तशी सांगण्याची इच्छा, तो कुठलं यंत्र मोजणार? यंत्राला आप्ताच्या खुणा दिसतात, आप्त दिसत नाही. आणि खुणा काढता येतात, त्या शिकवणाऱ्याही कार्यशाळा आहेत.

आता तर नवी अडचण आहे. ऑगस्ट २०२४पासून आपल्या देशातही गूगल काही प्रश्नांना यादीच्या वरच, यंत्रानं तयार केलेलं उत्तर दाखवू लागलं. वाचकाला आत यायची गरजच उरली नाही, तर क्लिक हे माप आणखी पोकळ होईल. पण ते यंत्र सांगणार कशाच्या आधारावर? कोणीतरी लिहिलेल्या पानांच्या. आपण सगळ्यांनी ‘व्हॉल्यूम’ पाहून फक्त तिकिटाची वेळ लिहिली असेल, तर पुढच्या पिढीला मराठीत विचारल्यावर तिकिटाची वेळच मिळेल. लेण्यातली झोपडी मिळणार नाही, कारण ती कोणी लिहिलीच नाही.

मग मोजू नये का? जरूर मोजावं. न मोजता आम्ही कोंडिविटेच्या डोंगरावर एकटेच बसलो होतो, ते विसरलेलो नाही. प्रश्न कसं मोजावं हा आहे. जुन्या वाचनालयात ग्रंथपालाजवळ दोन नोंदी असत. पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची चिठ्ठी, आणि मागणीची वही, जिच्यात लोक हवं असलेलं पुस्तक आपल्या शब्दांत लिहून जात : लेखकाचं नाव चुकीचं, पुस्तकाचं अर्धवट, कधी नुसता विषय. वाईट ग्रंथपाल चिठ्ठीवरच्या तारखा मोजून पुढची खरेदी ठरवायचा. चांगला ग्रंथपाल मागणीची वही वाचायचा, आणि मग कधी मागितलेलं पुस्तक आणायचा, कधी मागणाऱ्याला ठाऊक नसलेलं, पण त्याला खरं हवं असलेलं पुस्तक त्याच्या हातात ठेवायचा.

सर्च कन्सोलमध्ये या दोन्ही नोंदी आहेत. वरचा आलेख म्हणजे तारखांची चिठ्ठी. खालची प्रश्नांची यादी म्हणजे मागणीची वही. आम्ही आता आलेख महिन्यातून एकदा पाहतो आणि यादी दर रविवारी वाचतो. आमच्या यादीत एकदा आलं, ‘महाकाली केव्हज मध्ये देवी कुठे आहे’. विचारणारा देवीला शोधत आला होता आणि आम्ही त्याला बौद्ध लेणी दाखवत होतो. त्याची चूक नव्हती, नावानं त्याला तसं सांगितलं होतं. त्या एका ओळीमुळे आम्ही पानावर एक परिच्छेद वाढवला : देऊळ वेगळं, लेणी वेगळी, आणि एकाचं नाव दुसऱ्याला कसं चिकटलं. त्या परिच्छेदामुळे आकडा वाढला की नाही, ठाऊक नाही. पण एका माणसाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, आणि त्याच्यामुळे लेखही अधिक खरा झाला. वर्गातही असंच व्हायचं. हजेरीपटानं आम्हाला कधी काही शिकवलं नाही. मागच्या बाकावरून आलेल्या वेड्यावाकड्या प्रश्नानं मात्र कितीदा दुसऱ्या दिवशीचं व्याख्यान बदलायला लावलं.

आता सुरुवातीच्या शब्दाकडे येतो. सेंद्रिय. स अधिक इंद्रिय. ज्याला इंद्रियं आहेत ते. खत आणि भाजी यांच्या नादात हा अर्थ आपण विसरलो. इम्प्रेशनला इंद्रियं नाहीत, क्लिकलाही नाहीत. पलीकडे डोळे असलेला, कान असलेला, बोरिवलीच्या गाडीत उभ्यानं फोन धरून काहीतरी शोधणारा माणूस आहे. त्यानं चुकीच्या वर्तनीत, अर्धवट नावानं काहीतरी विचारलं आहे. त्याचा शब्द आपल्या पानावर असू द्या, म्हणजे तो पोचेल. आणि तो पोचल्यावर त्याला माहीत नसलेलं काहीतरी त्याच्या हातात ठेवा.